लघुग्रह २१ ल्युटेशिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात लाखो लघुग्रह फिरत आहेत. त्यांतले अगदी मोजके आपण यान पाठवून जवळून पाहिले आहेत आणि ल्युटेशिया हा त्यांपैकी एक. तो सर्वांत मोठा नाही की सर्वांत तेजस्वीही नाही. तरीही त्याच्याबद्दल सतत प्रश्न येतात, कारण तो कशाचा बनला आहे यावर दीर्घकाळ वाद झाला आणि तो वाद सोडवताना लघुग्रह कसे अभ्यासायचे याचेच शिक्षण मिळाले.

ल्युटेशिया कोणी आणि कधी शोधला?

हर्मान गोल्डश्मिट यांनी, १५ नोव्हेंबर १८५२ रोजी, पॅरिसमधून. गोल्डश्मिट मूळचे फ्रँकफुर्टचे आणि पेशाने चित्रकार. कोणत्याही वेधशाळेत ते नोकरीला नव्हते. पॅरिसमधल्या प्रसिद्ध कॅफे प्रोकोपच्या वरच्या मजल्यांवर त्यांचे घर होते आणि तिथूनच ते आकाश पाहत.

चाळिशी उलटून गेल्यावर हा नाद त्यांना लागला. १८४७ मध्ये त्यांनी ल व्हेरिए यांचे व्याख्यान ऐकले. नेपच्यूनचे स्थान गणिताने सांगणारे तेच ल व्हेरिए. पुढे गोल्डश्मिट यांनी स्वतः काढलेली गॅलिलिओची व्यक्तिचित्रे विकून आलेल्या पैशांतून एक लहानशी दुर्बीण घेतली. खगोलशास्त्राच्या इतिहासात मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ल्युटेशिया हा त्यांचा पहिला शोध. १८६१ पर्यंत त्यांच्या नावावर एकूण १४ लघुग्रह जमा झाले, त्यांतले डोरिस आणि पालेस हे दोन तर १९ सप्टेंबर १८५७ च्या एकाच रात्री सापडले.

दुर्बिणीत तो ताऱ्यासारखाच दिसतो, मग हा लघुग्रह आहे हे कळले कसे?

हालचालीवरून. त्या काळी लघुग्रह शोधण्यासाठी छायाचित्रण वापरात आलेले नव्हते. आकाशाचा एखादा छोटा तुकडा निवडायचा, त्यातला प्रत्येक ठिपका नकाशाशी ताडून पाहायचा आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भाने टिपून ठेवायची. काही तासांनी किंवा दुसऱ्या रात्री तो सरकलेला आढळला, तर तो तारा नव्हे. नकाशात नसलेला ठिपका म्हणजे बहुतेक वेळा नकाशाकाराच्या नजरेतून सुटलेला एखादा मंद ताराच असे, त्यामुळे रात्रीमागून रात्री निराशाच पदरी पडायची. या कामाला मोठ्या भिंगापेक्षा चिकाटी आणि जागा लक्षात ठेवणारी नजर जास्त लागते. चित्रकाराला ती असणारच, असे म्हणण्याचा मोह होतो.

नावाआधीचा २१ हा आकडा कशाचा?

शोधांच्या क्रमाचा. पहिला सेरेस १८०१ मध्ये सापडला. सुरुवातीच्या चार लघुग्रहांनंतर बराच काळ काहीच हाती लागले नाही आणि मग १८४५ पासून एकदम भर पडू लागली. एकट्या १८५२ या वर्षात १६ व्या सायकीपासून २३ व्या थालियापर्यंत आठ लघुग्रह सापडले. ल्युटेशियाच्या दुसऱ्याच दिवशी लंडनहून खगोलशास्त्रज्ञ हाइंड यांनी २२ वा कॅलिओपी शोधला. म्हणजे एक दिवस इकडेतिकडे झाला असता तर क्रमांक बदलला असता.

नाव कुठून आले?

ल्युटेशिया हे पॅरिसच्या जागी असलेल्या रोमनकालीन वस्तीचे लॅटिन नाव. गोल्डश्मिट यांनी नाव ठेवण्याचा मान पॅरिस वेधशाळेच्या फ्रांस्वा आरागो यांना दिला आणि त्यांनी हे सुचवले. तोवर लघुग्रहांना देवतांची आणि पुराणकथांतल्या पात्रांची नावे देण्याची रीत होती. शहराचे नाव मिळालेल्या पहिल्या काही लघुग्रहांत हा मोडतो.

त्याची कक्षा कशी आहे?

सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे २.४४ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ अडीचपट. उपसूर्य बिंदूपाशी हे अंतर २.०४ एककांपर्यंत घटते आणि अपसूर्य बिंदूपाशी २.८३ पर्यंत वाढते. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण व्हायला ३.८ वर्षे लागतात. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याच्या कक्षेचा कल जेमतेम ३ अंश. मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागातला हा रहिवासी, आणि कक्षेत तसे विशेष काही नाही.

तो साध्या डोळ्यांनी दिसतो का?

नाही. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे आपल्या आकाशात तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, तो उपसूर्य बिंदूजवळही असला, तर त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका ठिपका मंद) साधारण ९.३ पर्यंत जाते. एरवी प्रतियुतीलाही तो दहा-अकराव्या प्रतीचाच असतो. अंधाऱ्या आकाशाखाली तीन-चार इंची दुर्बिणीतून तो गाठता येतो. मात्र त्या दिवसांचा स्थाननकाशा हाती हवा आणि दोन वेगवेगळ्या रात्री त्याच जागेचे चित्र कागदावर काढून ताडून पाहायला हवे. कोणतीही हौशी दुर्बीण त्याची चकती दाखवू शकत नाही.

केवढा आहे? गोल आहे का?

गोल अजिबात नाही. तीन दिशांनी मोजमाप घेतले तर अंदाजे १२१, १०१ आणि ७५ किलोमीटर भरते. सरासरी व्यास शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. कडा तुटलेल्या, बाजू चपटलेल्या, मोठमोठे लचके निघालेले, असे त्याचे रूप आहे.

या आकड्यांमागे एक समाधानाची गोष्ट आहे. यान पोहोचण्याआधीच केक आणि व्हीएलटी या महाकाय दुर्बिणींनी, वातावरणाची थरथर काढून टाकणाऱ्या अनुकूली प्रकाशिकीच्या मदतीने, त्याचा आकार काढला होता: १२४, १०१ आणि ९३ किलोमीटर. यान प्रत्यक्ष जाऊन आले तेव्हा पहिली दोन मापे जवळजवळ तंतोतंत जुळली. करोडो किलोमीटरवरच्या, पृथ्वीवरून जेमतेम बारीकशी चकती दिसणाऱ्या वस्तूसाठी हे यश मोठे आहे. तिसऱ्या मापात फरक पडला त्याचे कारण पुढच्या उत्तरात येते.

त्याचा दिवस किती तासांचा?

सुमारे ८ तास १० मिनिटांचा. लांबट वस्तू स्वतःभोवती फिरते तेव्हा कधी तिची रुंद बाजू आपल्याकडे असते, कधी अरुंद, त्यामुळे तिचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होते. हे चढउतार वर्षानुवर्षे नोंदवून परिवलनकाळ अतिशय अचूक मिळाला आहे.

जास्त रंजक आहे ती त्याची आस. ती सुमारे ९६ अंशांनी कललेली आहे. म्हणजे ल्युटेशिया युरेनससारखा जवळजवळ आडवा पडून फिरतो. परिणामी एका ध्रुवाकडे कित्येक महिने अखंड ऊन आणि दुसऱ्याकडे तितकीच लांब रात्र. २०१० मध्ये यान गेले तेव्हा उत्तर ध्रुवाची बाजू उजेडात होती आणि दक्षिणेचा मोठा भाग काळोखात. म्हणूनच पृष्ठभागाचा निम्म्याहून थोडा अधिक भागच चित्रांत आला, आणि जाडीच्या ७५ किलोमीटर या मापात आजही १३ किलोमीटर इकडेतिकडे होण्याची मुभा ठेवावी लागते.

तिथे यान गेले ते कोणते? मुद्दाम ल्युटेशियासाठी पाठवले होते का?

मुद्दाम नाही. युरोपीय अवकाश संस्थेचे रोझेटा यान २ मार्च २००४ रोजी निघाले ते ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूकडे. प्रक्षेपण चांगले झाल्यावर उरणाऱ्या इंधनाचा हिशेब करून वाटेत दोन लघुग्रह पाहायचे ठरले: छोटासा स्टाइन्स, जो २००८ मध्ये पाहून झाला, आणि ल्युटेशिया.

१० जुलै २०१० रोजी रोझेटा सेकंदाला १५ किलोमीटर वेगाने ल्युटेशियाजवळून गेले. कमीत कमी अंतर होते सुमारे ३,१६२ किलोमीटर. पृथ्वी तेव्हा ४५ कोटी किलोमीटरपेक्षाही दूर होती, संदेश यायला २५ मिनिटे लागत. साहजिकच ऐनवेळी इथून काहीही दुरुस्त करता येण्यासारखे नव्हते. कॅमेरा कोणत्या क्षणी कुठे वळायचा हे सगळे आधीच लिहून ठेवलेले होते आणि ते बिनचूक पार पडले. ओसिरिस या कॅमेऱ्याने ४६२ चित्रे घेतली. सर्वांत जवळच्या चित्रांत साधारण ६० मीटरचे तपशील टिपले गेले. जवळ येत असताना घेतलेल्या एका चित्रात ल्युटेशियाच्या मागे दूरवर कड्यांसह शनी दिसतो. शास्त्रीय दृष्ट्या त्याचे मोल फारसे नाही, पण ते चित्र एकदा तरी जरूर पाहा.

त्या दिवसापर्यंत यानाने जवळून पाहिलेला सर्वांत मोठा लघुग्रह म्हणजे ५३ किलोमीटरचा मॅथिल्डे. ल्युटेशियाने तो मान घेतला आणि वर्षभर सांभाळला. जुलै २०११ मध्ये डॉन यान त्याहून मोठ्या व्हेस्टा या लघुग्रहापाशी पोहोचले.

वस्तुमान कसे मोजले? यान तर नुसते जवळून गेले.

नुसते जवळून गेले तरी ल्युटेशियाच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला किंचित ओढलेच. या ओढीमुळे यानाच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटर होता. ज्या यानाचा वेग सेकंदाला १५ किलोमीटर आहे, त्याच्या वेगातला हा फरक! तो पकडता आला तो रेडिओ संदेशामुळे. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर जसा बदलतो, तशीच यानाच्या संदेशाची वारंवारिता त्याच्या वेगानुसार बदलते. रोझेटाकडून पृथ्वीवर येणाऱ्या लहरींच्या वारंवारितेतला हा बदल एका हर्ट्झच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजण्याइतका सूक्ष्म होता.

उत्तर आले: १.७ × १०^१८ किलोग्रॅम. इतर लघुग्रहांच्या कक्षांवर होणाऱ्या परिणामांवरून आधी जे अंदाज बांधले होते, त्यांपेक्षा हे बरेच कमी निघाले. आपल्या चंद्राशी तुलना केली तर चंद्र त्याच्या सुमारे ४३ हजार पट भारी आहे.

घनतेला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण लघुग्रहाच्या पोटात काय आहे हे सांगणारा तो एकच आकडा आपल्या हाती असतो. रंग, चमक, वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड) ही सगळी वरच्या कातडीची माहिती. मला विचाराल तर लघुग्रहाविषयी एकच संख्या जाणून घ्यायची मुभा असेल, तर मी घनता निवडेन.

हिशेब सोपा आहे. चित्रांवरून आकारमान निघते सुमारे ५ लाख घन किलोमीटर. वस्तुमानाला त्याने भागले की घनसेंटिमीटरला ३.४ ग्रॅम मिळतात. पाण्याची घनता १, ग्रॅनाइटची २.७ च्या आसपास, लोखंडाची ७.९. आता इतर लघुग्रह शेजारी ठेवून पाहा. मॅथिल्डेची घनता १.३, म्हणजे आत मोठ्या प्रमाणात पोकळ्या. इरॉसची २.७. आणि ५२५ किलोमीटरच्या, लोहाचा गाभा असलेल्या व्हेस्टाची सुमारे ३.५. शंभर किलोमीटरचा, ठोकरा खाऊन तडे गेलेला ल्युटेशिया व्हेस्टाच्या पंक्तीला जाऊन बसतो, हे कोणालाच अपेक्षित नव्हते.

मग तो धातूचा की दगडाचा?

हाच तो मूळ वाद. लघुग्रहांचे वर्ग त्यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून पाडतात. जुन्या वर्गीकरणात ल्युटेशिया ‘एम’ वर्गात गेला आणि एम वर्ग म्हणजे धातू, असे अनेकांनी गृहीत धरले. त्याची परावर्तकता सुमारे ०.१९, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा जवळपास पाचवा हिस्सा तो परत फेकतो. काळपट, कार्बनयुक्त ‘सी’ वर्गाच्या मानाने हे जास्तच आहे. पण पुढे वर्णपट अधिक बारकाईने तपासले, तेव्हा काहींना त्यात कार्बनी कॉन्ड्राइट या प्रकारच्या अशनींशी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांशी, साम्य दिसले. ३ मायक्रॉन तरंगलांबीपाशी पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांची खूणही पृथ्वीवरच्या निरीक्षणांत आढळली. धातूच्या गोळ्यावर पाण्याची खनिजे कुठून येणार?

रडारनेही धातूच्या विरोधातच कौल दिला. निव्वळ लोह-निकेलचा पृष्ठभाग रडारच्या लहरी जोरदार परत पाठवतो. ल्युटेशियाचा प्रतिध्वनी मध्यम निघाला. रोझेटाच्या उपकरणांनाही उघड्या धातूचे चिन्ह मिळाले नाही. पृष्ठभागाचा वर्णपट आश्चर्य वाटावे इतका सपाट होता, ओळखीच्या खनिजांचे ठळक खड्डे त्यात नव्हतेच.

आज सर्वांत जास्त पुरावा ज्याच्या बाजूने आहे, तो प्रकार म्हणजे एन्स्टाटाइट कॉन्ड्राइट. या दुर्मीळ अशनींत मॅग्नेशियमचे सिलिकेट आणि बऱ्यापैकी धातू एकत्र असतात, आणि त्या फार कमी ऑक्सिजन असलेल्या परिस्थितीत तयार झालेल्या असतात. चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या दुर्बिणीपासून स्पिट्झर अवकाश दुर्बिणीपर्यंत अनेकांची निरीक्षणे रोझेटाच्या निरीक्षणांशी जोडून २०११ मध्ये हा निष्कर्ष मांडला गेला. अतिनील ते अवरक्त एवढा मोठा पट्टा एकत्र पाहिला, तर या अशनींशी जुळणी सर्वांत चांगली होते. पाण्याच्या खनिजांची खूण मात्र यात सहज बसत नाही. ती नंतर येऊन आदळलेल्या दुसऱ्या पदार्थाची असू शकेल, असे एक उत्तर दिले जाते. मला ते पटण्यासारखे वाटते, पण तिथला नमुना हाती आल्याशिवाय या वादावर पडदा पडणार नाही.

थोडक्यात, ‘एम’ हे अक्षर प्रकाशाच्या वागणुकीचे आहे, पदार्थाचे नव्हे. त्या अक्षरावरून थेट ‘धातूचा लघुग्रह’ असे लिहिणे चूक आहे, आणि ही चूक अजूनही सर्रास होते.

आतून तो पूर्ण वितळला होता का?

पूर्ण नाही, पण कदाचित अंशतः. एवढ्या तडे गेलेल्या खडकात पोकळ्या असणारच. त्या धरूनही एकूण घनता ३.४ भरते, तर आतला पदार्थ त्याहून जड असायला हवा. त्यावरून काही संशोधकांनी असा तर्क केला की सूर्यमालेच्या अगदी सुरुवातीला किरणोत्सारी ॲल्युमिनियम-२६ च्या उष्णतेने ल्युटेशियाचा गाभा वितळला, धातू काही प्रमाणात खाली बसला, आणि वरचे कवच मात्र न वितळता मूळ स्थितीत राहिले. यानाच्या चुंबकमापकाला त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आढळले नाही, त्यामुळे या तर्काला त्या बाजूने दुजोरा मिळालेला नाही.

पृष्ठभागावर काय दिसते?

विवरे, भेगा, दरडी आणि धूळ. सर्वांत मोठे विवर मॅसिलिया, व्यास सुमारे ५७ किलोमीटर. शंभर किलोमीटरच्या पिंडावर एवढे विवर म्हणजे ज्या धडकेने ते पडले, ती आणखी थोडी जोराची असती तर ल्युटेशियाचे तुकडेच झाले असते. पृष्ठभागावर किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेल्या समांतर खाचा आहेत. अशा धडकांनी उठलेल्या कंपनांचे ते व्रण मानले जातात.

उत्तर ध्रुवाजवळ चित्र एकदम बदलते. तिथे एकमेकांवर चढलेल्या विवरांचा पुंजका आहे आणि भोवतीचा प्रदेश, ज्याला बेटिका नाव दिले आहे, गुळगुळीत दिसतो. कारण विवरांतून उडालेला चुरा तिथे पसरला. काही ठिकाणी या थराची जाडी ६०० मीटरपर्यंत असावी. पुंजक्यातल्या एका मोठ्या विवराच्या कडेवर बारकाईने पाहिले तर माल घसरून तळाशी साचल्याचे स्पष्ट दिसते: वर उघडा पडलेला कडा, खाली पंख्यासारखा पसरलेला ढिगारा. आसपास ६० ते ३०० मीटरचे विखुरलेले धोंडेही आहेत, मोजलेले सुमारे दोनशे. गुरुत्वाकर्षण इतके क्षीण असलेल्या ठिकाणी दरड कोसळते, आणि ती आपण इथे बसून पाहू शकतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

वरचा काही सेंटिमीटरचा थर चंद्रावरच्या धुळीसारखा भुसभुशीत आहे. ऊन पडताच तो लवकर तापतो आणि सावलीत झटकन थंडावतो. उजेडातल्या सर्वांत उबदार जागीही तापमान उणे २८ अंश सेल्सिअसच्या आसपासच होते.

त्याचे वय किती?

पिंड म्हणून तो सूर्यमालेइतकाच जुना, साडेचार अब्ज वर्षांचा. पृष्ठभागाचे वय विवरांच्या दाटीवरून काढतात: जितकी विवरे जास्त, तितका प्रदेश जुना. अकेया नावाचा प्रदेश अशा हिशेबाने ३.६ अब्ज वर्षांच्या घरात जातो. बेटिका मात्र ३० कोटी वर्षांपेक्षाही तरुण ठरतो. दोन्ही एकाच शंभर किलोमीटरच्या खडकावर. इतक्या जुन्या पृष्ठभागामुळेच ल्युटेशिया हा मोठ्या पिंडाचा तुटलेला तुकडा नसून ग्रह घडत होते त्या काळातला, मूळचा शिल्लक राहिलेला पिंड असावा, असे मानतात.

तिथे उभे राहिलो तर वजन किती भरेल?

पृथ्वीवरच्या वजनाच्या साधारण दोनशेव्या हिश्श्याइतके. साठ किलोच्या माणसाला तिथे तीनशे ग्रॅम असल्यासारखे वाटेल. उडी मारून अवकाशात निसटता येणार नाही, कारण मुक्तिवेग सेकंदाला ७० मीटरच्या आसपास आहे. पण वर गेलेला माणूस खाली यायला बराच वेळ लागेल.

त्याला उपग्रह किंवा वातावरण आहे का?

दोन्ही आढळलेले नाहीत. रोझेटाने दोन्हींचा शोध घेतला होता.

तो मुळात पृथ्वीच्या शेजारी जन्मला, हे खरे का?

शक्यता चांगली आहे. एन्स्टाटाइट कॉन्ड्राइट अशनी सूर्याजवळच्या, आतल्या भागात घडल्या असे मानतात, म्हणजे जिथे बुध, शुक्र आणि पृथ्वी तयार झाले. ल्युटेशिया त्याच पदार्थाचा असेल, तर त्याचा जन्मही तिथला. त्या भागातले बहुतेक पिंड घडत्या ग्रहांत सामावले किंवा सूर्यात पडले. तिथल्या २ टक्क्यांहून कमी पिंड मुख्य पट्ट्यात पोहोचले असावेत, असा अंदाज आहे. बालग्रहांजवळून जाताना ल्युटेशियाची कक्षा फेकली गेली असेल आणि पुढे गुरूच्या स्थलांतराने, म्हणजे त्याची कक्षा सरकल्याने, पट्ट्यात स्थिरावली असेल. असे असेल तर पृथ्वी ज्या मालापासून बनली, त्याचा एक अखंड ठोकळा आपल्याला धूमकेतूकडे जाणाऱ्या यानाच्या वाटेत सापडला. पृथ्वीचा स्वतःचा मूळ माल वितळून, ढवळून कधीच ओळखीपलीकडे गेला आहे, म्हणून या ठोकळ्याचे मोल.

तो पृथ्वीवर आदळेल का?

नाही. तो सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही २.०४ एककांवर असतो. मंगळही सूर्यापासून १.६७ एककांपलीकडे जात नाही. ल्युटेशियाची वाट मंगळाचीही कक्षा ओलांडत नाही.